आजीची मांडी आणि १२० चा वेग

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पुतण्या सहकुटुंब न्यू जर्सीहून आला होता. सुनेचे माहेर नागपूरचे. आठ दिवस तिथे राहून मंडळी चिखलीला यायची होती. मी आणि वहिनी भाड्याची अर्टिगा घेऊन त्यांना आणायला गेलो. सामान डिकीत चढले, चौदा महिन्यांची नात आजीच्या कडेवर गेली आणि सुनेने ड्रायव्हरला विचारले, ‘‘दादा, मागच्या सीटला आयसोफिक्स आहे का?’’ ड्रायव्हर म्हणाला, ‘‘एसी आहे ताई, मागेपण मस्त थंड होते.’’ सगळे हसले. मीही हसलो. बाळाची सीट तिकडून आणायचे सुनेच्या मनात होते, तेव्हा ‘एवढी माणसे आहोत, कुणाच्याही मांडीवर बसेल पोरगी’ असे फोनवर सांगणारा मीच होतो. वहिनी नातीला घेऊन पुढे बसल्या. तिला ट्रक दिसावेत म्हणून. समृद्धी महामार्गावर चढल्यावर काटा १२० वर गेला आणि मेहकरपर्यंत तो फारसा खाली आला नाही. सून मागे बसून होती. वाटेत ती एक शब्द बोलली नाही.

काही झाले नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि म्हणूनच हा विषय आपल्या घरांत निघत नाही. लहान मुलासाठी मोटारीत वेगळी सीट लागते, हे आपल्याकडे अजूनही परदेशी थेर समजले जाते. प्रॅम, डायपर, बाटली यांच्या ओळीत आपण तिला बसवतो. आजीची मांडी असताना प्लॅस्टिकची खुर्ची कशाला, हा प्रश्न वरवर बिनतोड आहे. मांडीवर मूल झोपते, जेवते, रडायचे थांबते. आपल्या पिढ्यानपिढ्यांनी मांडीहून सुरक्षित जागा पाहिलेली नाही. बैलगाडीच्या वेगाला ते खरेही होते.

वेग वाढला की हिशेब बदलतो. एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला हे शास्त्र ठाऊक आहे. चालकाने करकचून ब्रेक दाबला की गाडी थांबते, आपण थांबत नाही. पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. आता आकडे मांडून पाहू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार झाडावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या माणसाला तिच्याबरोबर थांबवायला त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर लागतो. म्हणजे दहा किलोचे मूल त्या क्षणी दोन क्विंटलचे होते. खामगावच्या बाजार समितीत क्विंटलभर सोयाबीन उचलायला अंगापिंडाने भक्कम हमाल लागतात. इथे दोन क्विंटल धरायचे, तेही हातांच्या मिठीत, आणि सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळात. जगातल्या कोणत्याही आईचे प्रेम हे काम करू शकत नाही, कारण हा प्रेमाचा प्रश्नच नाही. मूल हातातून सुटते आणि काचेकडे जाते. आजीने पट्टा लावलेला नसेल तर मुलामागोमाग आजीही जाते, आणि मूल मध्ये सापडते. काही जण हुशारीने एकाच पट्ट्यात स्वतःला आणि मुलाला बांधून घेतात. ते त्याहून वाईट. मोठ्या माणसाचा सगळा भार आणि तो पट्टा यांच्या कात्रीत ते मूल येते.

हे झाले ५० चे. तो धक्का साधारण तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका. १२० ला वाहनातली ऊर्जा पावणेसहापट होते. हिशेब अठरा मजल्यांवर जातो. त्या वेगाने थेट समोर आदळल्यास कोणतीही सीट हमी देऊ शकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु बहुतेक वेळा आदळण्यापूर्वी चालकाचा पाय ब्रेकवर गेलेला असतो, वेग उतरलेला असतो, आणि नेमक्या त्या उरलेल्या वेगात सीट असणे आणि नसणे यांत जीवनमरणाचा फरक पडतो. योग्य सीटमुळे लहान मुलांचे मृत्यू किमान साठ टक्क्यांनी कमी होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता हा विषय बुलडाणा जिल्ह्यातून का काढायचा? इथे तर आजही बहुसंख्य लोक एसटीने, काळी-पिवळीने, नाहीतर मोटारसायकलने जातात. कारण असे की रस्ता आपल्या आधी बदलला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा पुरा होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या वेशीपर्यंत गेला. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांच्या शेतांतून तो जातो. ज्या जिल्ह्यात चिखली-मेहकर रस्त्यावर साठचा वेग म्हणजे शौर्य समजले जाई, तिथे मोटारींना ताशी १२० ची अधिकृत मुभा मिळाली. बोलेरो आणि ईकोमधून लग्नाची वऱ्हाडे, बारशाची मंडळी, शेगाव-शिर्डीचे भाविक आता या रस्त्याने जातात. मांडीवरची पोरे त्यांच्याबरोबर जातात. रस्ता एकविसाव्या शतकाचा आणि आतली बसण्याची व्यवस्था छकड्याची, असा हा प्रकार आहे.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, ते या जिल्ह्याला विसरता येणार नाही. तिथे आग होती. लहान मुलांच्या सीटचा त्या दुर्घटनेशी संबंध जोडणे खोटेपणाचे होईल. पण त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ जे घडले ते वेगळे होते. आपल्याच जिल्ह्यातल्या सैलानीबाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी छोटी बस ट्रकवर आदळली. बारा जण मेले. त्यांत एक लहान मुलगीही होती. सतरा आसनांच्या त्या वाहनात पस्तीस माणसे होती. सतरा जागांत पस्तीस माणसे बसतात तेव्हा मुले कुठे बसतात, हे वाचकांना सांगायला नको. अशा अपघातांनंतर चर्चा होते ती टायरची, चालकाच्या डुलकीची, ‘रस्त्याच्या संमोहना’ची. ती व्हायलाच हवी. पण आत कोण कसे बसले होते, हा प्रश्न पंचनाम्याबाहेर फारसा जात नाही.

आणि हा अडाण्यांचा प्रश्न आहे असे शहरी वाचकाने समजू नये. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मोटारीत मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्या एकाच वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि या बिनपट्ट्याच्या मृतांत निम्मे चालक नव्हेत, शेजारी किंवा मागे बसलेले होते. ज्या समाजात मोठी माणसे मागच्या सीटवरचा पट्टा गादीखाली खुपसून ठेवतात, तिथे मुलाला कोण बांधणार?

कायदा नाही असे मात्र नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर वाहन चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड, असे ते सांगते. वाचायला चांगले आहे. पण त्यातला ‘किंवा’ हा शब्द पाहा. तेरा वर्षांचा मुलगा आणि तेरा दिवसांचे बाळ या कलमाला सारखेच. तेरा वर्षांच्या मुलाला मोटारीचा पट्टा बसतो. तेरा दिवसांच्या बाळाला तो गुंडाळणार कसा? कोणत्या वयाला, कोणत्या उंचीला कोणते आसन, याबद्दल कलम मुके आहे. भाड्याच्या गाडीत दंड चालकाला आणि मूल दुसऱ्याचे, मग सीट कुणी आणायची, याचेही उत्तर नाही. केरळात २०२४ च्या ऑक्टोबरात परिवहन आयुक्तांनी डिसेंबरपासून दंड सुरू करू असे जाहीर केले, तर लगेचच मंत्र्यांनी हात झटकले. दंड नाही, फक्त जागृती, असे सांगितले. मंत्र्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या वस्तूचे नावही लोकांना ठाऊक नाही तिच्याबद्दल पावती फाडणार कशी, ही त्यांची अडचण खोटी म्हणता येत नाही.

मांडीचा हा मोह फक्त आपला नाही, हे इथे सांगितले पाहिजे. मुलांच्या सीटची सक्ती करणारे अमेरिकेतले पहिले राज्य टेनेसी. तिथल्या एका ग्रामीण परगण्याचे आरोग्याधिकारी, बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी आमदारांच्या मागे लागून हा कायदा करून घेतला. १९७८ च्या जानेवारीपासून तो लागू झाला. पण मंजूर होताना त्यात एक पळवाट घुसली: मूल मोठ्या माणसाने हातांत धरले असेल तर सीट नको. आईच्या कुशीहून सुरक्षित काय, हाच युक्तिवाद! सँडर्स आणि त्यांचे सहकारी त्या पळवाटेला मुले चिरडणारी दुरुस्ती म्हणत. ती काढून टाकायला १९८१ उजाडले. पुढे १९८५ पर्यंत सगळ्या अमेरिकी राज्यांनी असे कायदे केले. म्हणजे न्यू जर्सीच्या दवाखान्यातून बाळ घरी नेताना सीट आहे का हे आज विचारले जाते, त्यामागे त्यांच्या आज्यांची मांडी आपल्या आज्यांहून कमी मायेची होती असे नाही. तीन-चार वर्षे भांडावे लागले, एवढेच.

आता निवडीचे. इथे जरा थांबून सांगितले पाहिजे, कारण दुकानात आणि जाहिरातीत जे मिळते त्यात बराच गोंधळ आहे.

पहिला नियम दिशेचा. नवजात बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या चौथ्या हिश्शाइतके असते, मान कोवळी, मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. ते समोर तोंड करून बांधले आणि धडक बसली, तर धड पट्ट्यात अडकते आणि तेवढे जड डोके पुढे फेकले जाते. सगळा ताण मानेवर. तेच मूल गाडीच्या मागे तोंड करून बसले असेल, तर पाठ, मान आणि डोके तिन्ही एकदम सीटच्या पाठीत रुतते आणि जोर सगळ्या अंगभर वाटला जातो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना १९६० च्या दशकात ही कल्पना सुचली ती अंतराळवीर यानात पाठीवर पडून उड्डाण करतात ते पाहून. म्हणून युरोपच्या नव्या नियमात, ज्याला आर-१२९ म्हणतात, पंधरा महिने पुरे होईपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसले पाहिजे. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत तसे बसवतात. ‘पाय दुमडतात, त्याला पुढचे दिसत नाही’ ही तक्रार प्रत्येक आजी करते. पाय दुमडलेले चालतात. नातीला ट्रक दिसावेत म्हणून आम्ही काय केले ते वर सांगितलेच आहे.

दुसरा नियम जागेचा: मागची सीट. २०२१ पासून नव्या मोटारींत पुढे दोन्ही बाजूंना एअरबॅग आली. ती मोठ्या माणसासाठी असते. डोळ्याचे पाते लवण्याआधी ती फुटून बाहेर येते. समोर मूल असेल तर तीच मारते. २०२४ च्या डिसेंबरात वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा अशाच धक्क्याने गेला. त्याआधी तीनेक महिने केरळात आईच्या मांडीवरचे दोन वर्षांचे मूल गेले. दोन्ही मुले पुढे होती. मागे तोंड केलेली सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही.

मग सीट कोणती? जुन्या पद्धतीच्या वर्गवारीत तेरा किलोपर्यंत बाळाची, नऊ ते अठरा किलो पाचपदरी पट्ट्याची, आणि पंधरा ते छत्तीस किलो बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून मोटारीचा पट्टा गळ्याऐवजी खांद्यावर आणि पोटाऐवजी कमरेच्या हाडावर आणणारी बैठक, असे टप्पे असतात. नव्या नियमात वजनाऐवजी उंची पाहतात. एकच खरेदी परवडणाऱ्या घराने दोन्ही दिशांना बसणारी, आणि शक्यतो अठरा किलोपर्यंत मागे तोंड ठेवता येणारी घ्यावी. मात्र अगदी नवजात बाळ तिच्यात नीट मावते का, मान पुढे पडत नाही ना, ते आधी पाहावे. हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो. सीटवर केशरी चिठ्ठी असते, तिच्यावर वर्तुळात रोमन ‘ई’ हे अक्षर आणि आकडा; किंवा आपल्याकडचे एआयएस-०७२ हे मानक लिहिलेले असते. चिठ्ठी नसेल तर वस्तू कितीही मऊ आणि रंगीत असो, ती खेळणे समजावी. वेताच्या टोपलीसारखे कॅरीकॉट, मोटारीच्या सीटला बांधायची कापडी झोळी, गादीचे कप्पे, हे सगळे त्यातच आले. जुनी सीट घेताना ती अपघातातून गेलेली नाही याची खात्री देणारा माणूस ओळखीचा हवा.

सीट घेण्याआधी गाडी पाहावी. आयसोफिक्स म्हणजे पाठ आणि बैठक यांच्या फटीत असलेल्या दोन लोखंडी कड्या. सीट त्यांत खटकन बसते. जुन्या गाडीत त्या नसतील तर तीनपदरी पट्ट्याने बांधायची सीट घ्यावी. फक्त कमरेचा पट्टा असलेली मधली जागा, किंवा बोलेरोच्या मागची आडवी बाके, यांवर बहुतेक सीट बसतच नाहीत. बांधून झाली की पट्ट्यापाशी धरून हलवावी. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बांधावी. मुलाच्या अंगावरचा पट्टा बोटांच्या चिमटीत धरता येऊ नये इतका ताठ हवा, आणि त्याखाली जाड स्वेटर किंवा रजईसारखे दुपटे नको. थंडी असेल तर पांघरूण पट्ट्यावरून. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगावकडे, एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीतली धातूची कडी चटका देते. सीटवर पांढरे कापड टाकून ठेवावे. लहान बाळाला दोन तासांहून अधिक सलग बसवू नये. तेवढ्यात मोठ्यांचाही चहा होतो.

किंमत पाच-सहा हजारांपासून पुढे. हा आकडा ऐकून तोंड वाकडे करणारी माणसे गाडी घेताना सीट कव्हर, स्पीकर आणि काळ्या काचा यांवर किती घालवतात ते मी पाहिले आहे. आणखी एक गंमत ताऱ्यांची. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपची चाचणी सुरू झाली. तीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगळे तारे मिळतात, जाहिरातीत ते झळकतात. पण मुलांचे ते तारे गाडीत बाहुल्या योग्य सीटमध्ये बांधून मिळवलेले असतात. गाडी घरी येते ती सीटविना. तारे कागदावर राहतात. चाचणीत कोणती सीट लावली होती, हे शोरूममध्ये विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि ते विचारणारे दहा जण भेटले की ती सीट शोरूममध्ये ठेवली जाईल.

हे सगळे मोटार असलेल्यांचे झाले. जिल्ह्यातली बहुतेक बाळे दुचाकीवर, पेट्रोलच्या टाकीवर किंवा आईबापांच्या मध्ये आडवी जातात. त्यांच्यासाठीही नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढे मापाचे हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत. पट्टा म्हणजे मुलाच्या अंगात घालायचे जाकीट आणि चालकाच्या खांद्यांवरून येणारे बंद. आपल्या बुलडाण्यात असा पट्टा बांधलेले मूल मी अजून पाहिलेले नाही. ही वस्तू आमच्या इथला शिंपीही शिवू शकेल असे दिसते, पण तीस किलोचा भार पेलण्याची अट आहे. घरगुती शिलाईवर ती सोडू नये.

माझ्या मते खरी अडचण पैशांपेक्षा वापराच्या हिशेबाची आहे. बाळाची पहिली सीट वर्ष-सव्वा वर्ष पुरते, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याला ती वर्षातून चार वेळा लागते. विकत कोण घेणार? म्हणून अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये सुरुवातीच्या काळात दवाखान्यांनी आणि संस्थांनी सीट उसन्या दिल्या. लग्नाची भांडी, मंडप, सतरंज्या गावागावात सामाईक असतात. रुग्णांसाठी खाटा आणि वॉकर देणाऱ्या संस्था तालुक्याच्या गावी आहेत. त्याच कपाटात चार सीट ठेवायला काय हरकत आहे? सरकारी दवाखान्यातून बाळंतिणीला आणि बाळाला घरी पोचवायची मोफत सोय २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. बाळाच्या त्या पहिल्या प्रवासापासून सुरुवात करता येईल. आणि समृद्धीवर धावणाऱ्या भाड्याच्या गाड्यांच्या मालकांना परवान्याच्या वेळी एक सीट ठेवायला सांगणे हे काही धरण बांधण्याइतके अवघड काम नव्हे.

परतीच्या प्रवासाचे राहिलेच. सुनेने चिखलीत पाऊल टाकले त्याच रात्री मोबाइलवरून सीट मागवली. ती निघण्याच्या आदल्या दिवशी आली. ड्रायव्हर तोच होता. अर्टिगाच्या मागच्या फटीत हात घालून त्या दोन कड्या त्यानेच शोधल्या आणि स्वतःच चकित झाला. दोन वर्षे गाडी चालवतो, पण त्या कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. बसवायला आम्हाला पाऊण तास लागला. नात दुसरबीडपर्यंत रडली, मग झोपली. वहिनी शेजारी बसून तिच्या पायावर हात ठेवून होत्या. नागपूरला सामान उतरवताना ड्रायव्हर मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘काका, हे इथंच राहू द्या ना. तिकडं त्यांच्याकडं दुसरी असलंच. माझी पोरगी सात महिन्यांची आहे.’’